कूस पालटायची पाळी कुणाची?

(पत्राचा गोषवारा : दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका सूनबाईंनी लिहिले आहे. त्यांच्या सासऱ्यांना लकवा होऊन डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा काळसर डाग दिसला. सध्या वेचणीचे दिवस असल्याने त्या आणि यजमान सकाळीच वावरात जातात. घरी गुडघेदुखीच्या सासूबाई असतात आणि नववीतला मुलगा संध्याकाळी शाळेतून येतो. भेटायला आलेल्या नणंदबाई "घरी आणल्यावर हयगय झाली" असे बोलून गेल्या. कोणती पावडर लावावी, हवेची गादी घ्यावी काय, शेजारी सांगतात तशी ट्यूबची कडी बुडाखाली द्यावी काय आणि हळद-तेलाने डाग चोळावा काय, असे त्यांनी विचारले आहे.)

ताई,

आधी डागाविषयी लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कातडी फुटलेली नाही आणि पाणी सुटलेले नाही, ही जमेची बाजू आहे. पण "लाल" न लिहिता तुम्ही "काळसर" लिहिले आहे, म्हणून तो डाग हलका समजू नये; अंथरुणावर पडून राहिल्याने दाबामुळे जी जखम होते, म्हणजे बेडसोर, तिची ही सुरुवात असू शकते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली बहुधा दिसतच नाही. ती जागा आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट दिसते, हाताला गरम किंवा थंड लागते, कधी कडक तर कधी पिचपिचीत लागते. सकाळी दार उघडून उजेड घ्या, तो कमी पडला तर मोबाइलची बॅटरी लावा आणि डागावर बोट दोन-तीन सेकंद दाबून उचला. दाबलेली जागा क्षणभर फिकट होऊन पुन्हा पहिल्यासारखी झाली, तर रक्त अजून खेळते आहे. फिकट झालीच नाही, तर इजा सुरू झालेली आहे. रंग जांभळट-काळा असेल आणि खाली पिचपिचीत लागत असेल, तर इजा कातडीच्या खालच्या मांसात आहे असे धरावे. ढिगाच्या तळाशी दबलेले संत्रे सालीवरून चांगले दिसते आणि सोलल्यावर आत नासलेले निघते, तसाच हा प्रकार असतो. असा डाग चांगली काळजी घेऊनही काही दिवसांनी फुटू शकतो, म्हणून तो या आठवड्यातच डॉक्टरांना किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवा.

याच ठिकाणी नणंदबाईंच्या बोलण्याचेही उत्तर आहे. खोल मांसातली इजा दाब पडला त्याच दिवशी वर दिसत नाही. बहुधा दोन-तीन दिवसांनी ती कातडीवर उमटते. मामाजी, म्हणजे तुमचे सासरे, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी डाग दिसला, याचा अर्थ तो दाब बहुतेक त्याआधीचा आहे. खाटेवर एकाच अंगावर गेलेले तास असतील, तपासणीसाठी कडक ट्रॉलीवर पडून राहणे असेल किंवा जीपमध्ये बसवून केलेला घरापर्यंतचा प्रवास असेल. नेमके कधी झाले हे आता कुणालाही सांगता येणार नाही, आणि शोधूनही उपयोग नाही. रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहून ठेवले आणि परिचारिकांच्या कित्येक पिढ्या ते वाक्य ऐकत घडल्या. काही रुग्णांत सर्व उपाय करूनही जखम टळत नाही, हे आता मान्य झालेले आहे. तरीही मला ते वाक्य टाकून द्यावेसे वाटत नाही. फक्त घरच्या आजारपणात शुश्रूषा म्हणजे एकटी सून नव्हे, एवढी दुरुस्ती मी त्याला करीन.

तुमचे प्रश्न पावडर, गादी, कडी आणि हळद अशा विकत आणायच्या किंवा लावायच्या वस्तूंविषयी आहेत. ही जखम मात्र वरून काही लावले नाही म्हणून होत नाही. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस चेपले जाते तेव्हा त्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. त्यांच्यातला दाब साधारण पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या आसपास मानला जातो आणि कडक अंथरुणावर उताण्या पडलेल्या माणसाच्या माकडहाडाखालचा दाब सहज त्याच्या वर जातो. तुम्ही-आम्ही झोपेतही अवघडलो की कूस बदलतो. मामाजींच्या डाव्या अंगाला ते अवघडणे कळतही नाही आणि कळले तरी त्यांना वळता येत नाही. तेव्हा त्यांची कूस दुसऱ्या कुणीतरी पालटली पाहिजे. या आजारपणातला मुख्य उपचार हाच आहे आणि तो बाटलीत मिळत नाही.

सध्या डाग असल्यामुळे त्यांना उताणे झोपवूच नका. उजवी कूस आणि डावी कूस, दर दोन तासांनी आलटून पालटून ठेवा. लकव्याच्या बाजूवर थोडा कमी वेळ ठेवावे आणि त्या कुशीवर असताना डावा खांदा अंगाखाली दबू न देता किंचित पुढे ओढून घ्यावा. पण कूस म्हणजे अगदी आडवे, काटकोनात नव्हे. तसे ठेवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवी जखम तयार होते. पाठीमागे उशी किंवा घडी केलेली वाकळ लावून अंग साधारण ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे भार नितंबाच्या मांसल भागावर पडतो. बरोबर जमले की नाही हे पाहायला माकडहाडाखालून तळहात सरकवून बघा. तो अडू नये. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी असावी. पोटऱ्यांखाली लांबीत अशी उशी द्यावी की टाचा अधांतरी राहतील. माकडहाडाखालोखाल टाचांनाच ही जखम होते आणि घरात तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

वळवताना ओढू नका. दोन्ही बगलांत हात घालून वर सरकवण्याची जी पद्धत घरोघरी आहे, तिने लकव्याचा खांदा निखळू शकतो आणि कातडी चादरीला घासून सोलते. सासूबाईंचे एखादे जुने सुती लुगडे चौपदरी करून मामाजींच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवे अंथरून ठेवा. वर सरकवायचे असेल तेव्हा दोघांनी दोन्हीकडून त्याच्या कडा गुंडाळून धराव्यात आणि उचलून सरकवावे. एकट्याने वळवायचे असेल तर ज्या कुशीवर घ्यायचे तिकडे उभे राहावे, त्यांचा पलीकडचा गुडघा वाकवावा, पलीकडचा हात छातीवर घ्यावा, आपला एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे ठेवावा आणि त्यांना सांगून, सावकाश आपल्याकडे वळवावे. सांगणे महत्त्वाचे आहे. त्यांना बोलता येत नसले तरी बहुधा समजते, आणि न सांगता हलवले की माणूस दचकून अंग ताठ करतो.

आता पाळ्या. तुम्ही पहाटे उठता, तेव्हा पाचची कूस तुमची. सातची यजमानांची. वावरात निघण्यापूर्वी नऊची पुन्हा तुमची, आणि खरी अडचण त्यानंतर आहे. सासूबाईंचे गुडघे दुखत असले तरी लुगड्याची कड धरायला त्यांना उभे राहावे लागत नाही. खाटेच्या शेजारी स्टुलावर बसून त्या पाठीमागची उशी काढू-घालू शकतात, आणि नुसती उशी काढून अंगाचा कल बदलला तरी भार हलतो. दुपारी बारा-एकला दोघांपैकी एकाने वावरातून एक चक्कर मारलीच पाहिजे. वावर लांब असेल तर शेजारच्या घरी स्पष्ट शब्दांत विचारा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसे रोज येतात, बसतात, चहा घेतात आणि जातात. त्यांतल्या धडधाकट माणसाला "काका, जरा या कडेला हात लावा" म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. संध्याकाळची पाळी नववीतल्या मुलाची. त्याला एकदा समोर उभे करून शिकवा. या वयाची मुले हे काम मोठ्यांपेक्षा नेटके करतात. नणंदबाई पुढच्या वेळी आल्या की दोन दिवसांच्या रात्रपाळ्या त्यांना मोकळ्या मनाने द्या. वडील त्यांचेही आहेत. खाटेजवळच्या भिंतीवर शाळेच्या वहीचा कागद चिकटवून त्यावर वेळ, कूस आणि ज्याने पालटली त्याचे नाव लिहीत चला, नाहीतर प्रत्येकाला दुसऱ्याने पालटली असेल असेच वाटत राहते.

रात्रीविषयी व्यवहार्य सांगते. जाड, चांगल्या फोमच्या गादीवर काही रुग्णांना तीन-चार तासांचे अंतर चालते, असे परदेशातल्या वृद्धाश्रमांत केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. मामाजींना आधीच डाग आहे, म्हणून पहिले काही आठवडे रात्रीसुद्धा दोन तासच पाळा आणि त्यासाठी दोघांनी रात्र वाटून घ्या. डाग फिका पडत गेला आणि पालटताना कुठेही नवी खूण दिसली नाही, तर डॉक्टरांना विचारून रात्रीचे अंतर हळूहळू वाढवता येईल. वाढवल्यावर सकाळी खूण दिसली, तर मुकाट्याने पुन्हा दोन तासांवर यायचे.

खाटेचा मुद्दा तुम्ही लिहिला नाही, पण गावाकडे रुग्ण बहुधा सुंभाच्या किंवा नवारीच्या बाजेवर असतो. ती मध्ये झोळते, बूड सगळ्यांत खाली जाते आणि सारा भार नेमका माकडहाडावर एकवटतो. बाज असेल तर त्यांना दिवाणावर किंवा फळीच्या पलंगावर घ्या आणि वर निदान चार इंच जाडीची, दाट फोमची गादी टाका. घरच्या कापसाची गादी आपल्याला प्रिय असते हे खरे, पण काही महिन्यांत कापसाच्या गाठी होतात आणि त्या गाठी हाडाखाली आल्या की त्रास होतो. तीच वापरायची असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. गादीवर रेक्झिन किंवा युरियाच्या पोत्याचे प्लास्टिक थेट अंगाखाली येऊ देऊ नका, घाम कोंडतो.

हवेची गादी घ्यावी काय? परवडत असेल, किंवा गावात कुणाकडे वापरून ठेवलेली असेल, तर जरूर आणा. तिच्या नळकांड्यांत हवा आळीपाळीने भरते आणि उतरते, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. मात्र ती आणली म्हणजे कूस पालटण्यातून सुटका झाली, असे दुकानदार सांगतो तसे नाही. टाचा तरीही उशीवर अधांतरीच ठेवाव्या लागतात. ती नेहमीच्या गादीवर घालून वर एकच सुती चादर टाकावी. तीन वाकळी अंथरल्या तर खालच्या हवेचा उपयोग राहत नाही. माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेच्या आणि साध्या गादीच्या मधे हात घालून पाहा. तिथे इंचभर तरी हवेचा आधार लागला पाहिजे. आणि वीज गेली की पंप थांबतो. भारनियमनात ती गादी मऊ पडून माणूस खाली टेकतो, म्हणून लाइट गेली की कूस पालटायची, असा नियमच घरात करून टाका. कर्ज काढून ही गादी घेण्याची गरज नाही. तेवढ्या पैशांत चांगला फोम, चार उशा आणि रोजची अंडी येतील, आणि माझ्या मते ती अधिक उपयोगी पडतील.

ट्यूबची कडी मुळीच नको. मधली जागा मोकळी दिसते, पण कडेचा दाब भोवतालच्या कातडीचे रक्त अडवतो आणि मधल्या डागाला मिळणारा पुरवठाही कमी होतो. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे ठेवतात, तेही नकोत. डागावर चोळू नका, मग ते हळद-तेल असो की बाम. आतले मांस आधीच दुखावलेले असते आणि चोळल्याने ते अधिक फाटते. पाठीच्या चांगल्या, कोरड्या कातडीला खोबरेल तेलाचा हलका हात लावायला हरकत नाही. पावडरही नको, कारण ती घामाने भिजून कातडीच्या घड्यांत खड्यासारखी बसते.

ओल हा दाबाइतकाच मोठा शत्रू आहे. डायपर दिवसातून दोनदाच बदलता, असे तुम्ही लिहिले आहे. लघवीत भिजलेली कातडी मऊ पडून घासल्यावर लगेच सोलते. मामाजींना इशारा करता येत असेल तर प्रत्येक वेळी कूस पालटण्याआधी लघवीचे भांडे द्या, दोन घोट पाणी पाजा आणि मग वळवा. तिन्ही कामे एका फेरीत होतात. दिवसा डायपर काढून खाली सुती धोतराची घडी ठेवा आणि ओली झाली की लगेच बदला. डायपर रात्रीपुरते राहू द्या. शी झाली की साध्या कोमट पाण्याने धुवा, न घासता टिपून कोरडे करा आणि पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावा.

रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना टाचा, घोटे, खुबे, कोपर, खांद्याचे पाते, कानाच्या पाळ्या आणि डोक्याची मागची बाजू बघा. नाकातली नळी असेल तर नाकपुडी, लघवीची नळी असेल तर ती मांडीखाली दबते काय, हेही बघा. आणखी एक गोष्ट मी बऱ्याच घरांत पाहिली आहे : कमरेचा करगोटा. त्याची गाठ किंवा त्यात ओवलेला ताईत कुशीखाली येतो आणि तेवढ्याच आकाराची जखम होते. करगोटा काढायला मन धजत नसेल, तर तो ताईत खाटेच्या उशाला बांधून ठेवा. पायजम्याच्या नाड्याची गाठ, शर्टाचे बटण आणि भाकरीचे कोरडे तुकडे यांचेही तसेच असते.

खाण्याविषयी सासूबाईंशी जरा प्रेमाने वाद घालावा लागेल. जड पचत नाही म्हणून त्या वरणाचे पाणी आणि भाताची पेज देतात. त्याने पोट भरते, पण मांस भरून येत नाही. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅम आणि मोठ्या पेलाभर दुधातून ८ ग्रॅमच्या आसपास मिळतात, यावरून किती कमी पडते ते ध्यानात येईल. पातळ पिठले, घट्ट वरणात कुस्करलेली भाकर, दही, उकडलेले अंडे आणि शिजवून वाटलेले सोयाबीन हे सगळे घरात किंवा वावरात आहेच. थोडे थोडे पाच-सहा वेळा द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि मधुमेह असेल तर साखर काबूत ठेवा.

भरवताना एक पेच येतो. लकव्यात गिळणे बिघडते, म्हणून भरवताना आणि नंतर अर्धा तास पाठ उंच ठेवावीच लागते. पण डोक्याकडची बाजू फार वेळ उंच राहिली की माणूस खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे सरकते आणि रक्तवाहिन्या ताणून मिटतात. तेव्हा बसवण्यापूर्वी गुडघ्यांखाली उशी द्या, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने डोके ३० अंशांच्या खाली आणा आणि लगेच कुशीवर घ्या. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज घशात पाणी अडकल्यासारखा येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पातळ पदार्थ थोडे घट्ट करून द्या.

डाग फुटलाच, तर फोड स्वतः फोडू नका. मेडिकलमधून सलाइनची बाटली आणून त्याने धुवा, निर्जंतुक गॉजने झाका आणि दाखवायला न्या. हळद, राख, स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही आत भरू नका. जंतूंबरोबर नवे मांसही जळते. टाचेवर कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली असेल तर ती उचकटू नका. गावात माशा असतात, म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावा. जखमेत अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन ओतण्याचे घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा. उन्हाळा लागला की घामाचे प्रमाण कितीतरी वाढेल. तोवर मामाजींची जागा टिनाच्या छपराखालून हलवून कूलरच्या वाऱ्यात येईल अशी करून ठेवा, मात्र त्याचे पाणी अंथरुणावर उडू देऊ नका.

रोज त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून डागाचा फोटो काढा आणि कडेने पेनाने रेघ मारून तारीख टाका. डाग रेघेबाहेर गेला, ताप आला, दुर्गंधी सुटली, पू आला, भोवती सूज व गरमपणा पसरला, किंवा मामाजी एकाएकी सुस्त झाले, बडबडू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. ग्रामीण रुग्णालयात न्या. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळी विनामूल्य मिळते. खासगी गाडी करावी लागली, तर त्यांना सीटवर बसवू नका. मागची सीट पाडून घरचाच फोम अंथरा, कुशीवर झोपवा, पाठीमागे उशी लावा आणि बरोबर एक जण असा बसवा, जो वाटेत गाडी थांबवून त्यांचा कल बदलेल.